साक्षी हिरवी आहे

साक्षी पहिल्यांदा लाल झाली तेव्हा तनुजा आवटी दवाखान्यातल्या खुर्चीतच रडायला लागली. शेजारी बसलेला तिचा नवरा अभिनंदन घाबरला. त्याला वाटलं, काहीतरी भयंकर निघालं.

"अगं, औषध आहे म्हणतायत ना डॉक्टर," तो म्हणाला.

तनुजानं नुसती मान हलवली. तिच्या दंडावर नुकतीच चिकटवलेली ती 'साक्षी' नावाची नाण्याएवढी पट्टी लाल उजळली होती आणि तिला तो उजेड पुन्हा पुन्हा बघावासा वाटत होता. इतकी वर्षं ती तोंडानं सांगत होती, ते आता दुसरं कुणीतरी सांगत होतं.

तिला ल्यूपस होता. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच शरीरावर उलटते, असा हा आजार. कधी सांधे धरतो, कधी कातडी, कधी आतले अवयव. बाहेरून बघणाऱ्याला फारसं काही दिसत नाही. उलट तनुजाच्या गालांवर सदा गुलाबी झाक असायची. ती त्या आजाराचीच खूण होती, पण लग्नकार्यात भेटलेल्या बायका म्हणायच्या, "तनुजा, काय तेज आलंय गं तोंडावर!" आणि त्याच वेळी तिला ताटातला घास मोडताना बोटं वळत नसायची.

ती सांगलीत ज्युनियर कॉलेजला रसायनशास्त्र शिकवायची. सकाळी उठताना अंग शिशाचं झालेलं असायचं. वेणी घालणं, कणीक मळणं, फळ्यावर लिहिणं, यांतलं एक केलं की दुसऱ्यासाठी ताकद उरायची नाही. सासूबाईंना सगळे अक्का म्हणत. त्या मायाळू होत्या, तरी मधूनच त्यांच्या तोंडून निघून जायचं, "धडधाकट तर दिसतीस की गं. जरा हिंडतं फिरतं राहावं माणसानं." अभिनंदन तसं कधी म्हणाला नाही. पण एखाद्या रविवारी ठरलेला बेत तिच्यामुळे मोडला की तो क्षणभर तिच्याकडे बघत राहायचा, आणि तो काय विचार करतोय ते तिला कळायचं.

साक्षी आल्यावर हे सगळं थांबलं.

तनुजाला तिचं विज्ञान नीट समजलं होतं. ते तिनं वर्गातही समजावून सांगितलं होतं. शरीरात कुठे दाह सुरू झाला की पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. हे निरोप म्हणजे विशिष्ट प्रथिनं. रक्तात ती सापडायची, पण त्यासाठी रक्त काढायचं, प्रयोगशाळेत पाठवायचं, आणि अहवाल येईपर्यंत शरीराची स्थिती बदललेली असायची. साक्षीच्या तळाशी केसाहून बारीक सुया होत्या. कातडीखालच्या द्रवात ही प्रथिनं किती आहेत ते त्या सतत मोजायच्या आणि पट्टी त्याप्रमाणे हिरवी, पिवळी किंवा लाल व्हायची. घरच्यांच्या फोनवर आणि कॉलेजातही तोच रंग दिसायचा.

लाल रंग बघितल्यावर अक्कांनी सुनेच्या हातातून लाटणं काढून घेतलं. "मला काय ठाऊक गं बाई, आत एवढी आग लागलीय," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसले. जयसिंगपूरला धाकट्या मुलाकडे जायचं त्यांनी रद्द केलं आणि स्वयंपाकघर स्वतःकडे घेतलं. कॉलेजनं तनुजाचे तास तळमजल्यावर आणले, बसून शिकवायला उंच खुर्ची दिली. मुलगी सृष्टी शाळेतून आली की आधी फोन बघायची आणि रंगाप्रमाणे आईशी वागायची. लाल असला तर दप्तर आवाज न करता ठेवायची.

तनुजाचं दुखणं तेवढंच होतं, पण ते सिद्ध करायचं काम संपलं होतं. त्या कामातच तिची किती शक्ती जात होती, हे तिला तेव्हा कळलं.

पुढच्या वर्षी पंप आला.

कमरेला लावायची ती चपटी डबी साक्षीवर लक्ष ठेवून असायची. दाहाचे निरोप वाढताहेत असं दिसलं की ते निरोप अडवणारं औषध त्वचेखाली सोडायची. कमी झाले की थांबायची. मिरजेचे डॉक्टर मुजावर तिला पहिल्यापासून बघत होते. त्यांनी स्वतः डबी लावून दिली. "तुमच्या किडनीची मला काळजी होती," ते म्हणाले. "ती आता सुरक्षित राहील."

पावसाळा संपेपर्यंत साक्षी हिरवी झाली आणि हिरवीच राहिली. ताप यायचा बंद झाला. गालांवरची लाली गेली. अक्कांनी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, अभिषेक करवला आणि गल्लीत पेढे वाटले. अभिनंदननं तिला उचलून गोल फिरवलं. त्याच्या खांद्यावर हात टाकताना तिच्या मनगटातून कळ गेली. तिनं ओठ मिटून घेतले. तिला वाटलं, इतक्या वर्षांचं दुखणं आहे, जायला वेळ लागेल.

ते गेलं नाही.

दिवाळी झाली, थंडी पडली. साक्षी हिरवीगार होती आणि तनुजाला सकाळी चादर अंगावरून बाजूला करायची म्हणजे आधी मनाची तयारी करावी लागत होती. ती एकटीच मिरजेला गेली.

डॉक्टर मुजावरांनी पुन्हा सगळ्या तपासण्या केल्या. मग अहवाल तिच्यासमोर ठेवले.

"दाह नाहीये, मॅडम. खरंच कुठे नाहीये."

"म्हणजे मला दुखत नाहीये?"

"तसं मी म्हणणार नाही. तुम्ही सायन्सच्या आहात, स्पष्ट सांगतो. दुखल्याचा संदेश सांध्यातून निघतो, नसांमधून पाठीच्या कण्यात जातो, तिथून मेंदूत. वाटेत त्या संदेशाचा जोर कमी-जास्त करायची सोय असते. तुमच्या सांध्यांनी इतकी वर्षं इतक्या जोरात संदेश पाठवले, की ती सोय शेवटच्या टोकाला जाऊन अडकून बसलीय. आता सांधे शांत आहेत, पण साधा स्पर्श, साधं वजनही वर पोचेपर्यंत दुखणं होऊन जातं. दुखणं खरं आहे. त्याचं कारण तेवढं आता सांध्यात नाही."

"मग ते साक्षीत कसं दिसेल?"

"नाही दिसणार. ती दाह मोजते. हे मोजणारं अजून काही नाही."

"तुम्ही लिहून द्या ना मग. कॉलेजला, घरी."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "लिहून देतो. पण हल्ली माझं लिहिलेलं कुणी वाचत नाही. साक्षी हिरवी असेल तर पेशंट बरा. विमावाले तेच धरतात, सरकारी दाखल्यालाही तेच. गोळ्या देतो, हळूहळू वाढवायचा व्यायाम सांगतो. थोडा फरक पडेल."

फरक पडला, पण थोडाच.

ती घरी आली तेव्हा अभिनंदन जिन्यातच भेटला. त्याचा चेहरा इतका उजळला होता की तिनं पर्समधली चिठ्ठी बाहेर काढलीच नाही. तो पुलांच्या बांधणीतला अभियंता होता. लग्नाआधी कामासाठी देशभर फिरायचा. तिच्या आजारपणात त्यानं सांगलीतच टेबलावरचं काम पत्करलं होतं आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता.

"आसामचं विचारलंय त्यांनी," तो म्हणाला. "ब्रह्मपुत्रेवरचा मोठा पूल. परत विचारणार नाहीत. पण तू म्हणशील तसं."

शेवटचं वाक्य बोलताना त्याला पडलेले कष्ट तिला ऐकू आले.

"जा की," ती म्हणाली.

तो गेला. सून बरी झाली म्हणून अक्काही समाधानानं जयसिंगपूरला धाकट्या नातवंडांकडे गेल्या. कॉलेजनं तिचे तास पुन्हा वरच्या मजल्यावर नेले आणि उंच खुर्ची लायब्ररीत गेली. कुणी काही हिसकावून घेतलं नव्हतं. सगळेजण आनंदानं आपापल्या जागी परत गेले होते, आणि तनुजा घरात आणि वर्गात एकटी उभी होती.

पुढच्या पावसाळ्यात एकदा प्रात्यक्षिकाच्या वेळी आम्लाची बाटली तिच्या बोटांतून सुटली. आम्ल सौम्य होतं, मुलं लांब होती, कुणाला काही झालं नाही. पण प्राचार्य निंबाळकर मॅडमनी तिला बोलावून घेतलं. बाई सरळ स्वभावाच्या होत्या.

"बाटलीचं वजन पेलवलं नाही, असं तुम्ही म्हणताय. त्या दिवशीचा तुमचा रंग आम्ही बघितला, मॅडम. हिरवा होता."

"दुखणं त्यात दिसत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी आहे माझ्याकडे."

"मी विश्वास ठेवते हो. पण वरती सांगू काय? साक्षी हिरवी असताना सवलत दिली तर उद्या सगळेच मागतील." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "कधी कधी आजार जातो आणि त्याची सवय राहते. कुणाशी तरी बोलून बघा."

त्या संध्याकाळी तिनं अभिनंदनला फोन लावला. त्याच्यामागे नदीचा वारा ऐकू येत होता.

"मला खूप दुखतंय, अभि. पहिल्याइतकंच."

"थांब हं." तो क्षणभर फोनवर रंग बघायला गेला. "हिरवी दिसतेय गं. एकदम छान आहे. दमली असशील. सगळं एकटीवर पडलंय ना."

"रंगाचं सोड. मी सांगतेय तुला."

"अगं, ऐकतोय की मी," तो प्रेमानं म्हणाला. "पण काळजीचं काही नाही, एवढंच म्हणतोय."

फोन ठेवल्यावर सृष्टी दारात उभी दिसली. "आई, आजपण खिचडीच?"

"हात उचलत नाहीयेत गं, सोन्या."

सृष्टीनं फोनकडे बघितलं, मग आईकडे. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता गोंधळ होता. "पण साक्षी हिरवी आहे," ती म्हणाली.

तीच मुलगी चार वर्षांची असताना आईचा चेहरा बघून औषधाची बाटली आणून द्यायची.

पंपाचं औषध छोट्या नळकांड्यातून यायचं आणि ते संपलं की घरीच बदलता यायचं. पंपाला किती द्रव सोडला तेवढं कळायचं. तो द्रव काय आहे ते कळायचं नाही. तनुजाच्या हे आधीच लक्षात आलं होतं. मनात विचार येऊन गेला होता आणि तिनं तो झटकला होता. एका रविवारी दुपारी, सृष्टी खो-खोच्या सरावाला गेलेली असताना, तिनं नळकांडं रिकामं करून त्यात मिठाचं निर्जंतुक पाणी भरलं. तिला फक्त पिवळा रंग हवा होता. अभिनंदननं एकदा पिवळा बघावा, कॉलेजनं बघावा, मग लगेच औषध परत चालू करायचं, असं तिनं ठरवलं होतं.

काही दिवसांनी साक्षी पिवळी झाली. सृष्टीनं दप्तर हळूच ठेवलं आणि न विचारता कुकर लावला.

तनुजा त्या रात्री गाढ झोपली. दुखत होतंच, पण आता त्या दुखण्याला घरात जागा होती.

दुसऱ्या दिवशी औषध भरायचं होतं. पण सकाळीच अक्का पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. "फोनवर रंग बघितला आणि पहिली एसटी धरली," त्या म्हणाल्या आणि तिच्या केसांना तेल लावायला बसल्या. त्यांची बोटं डोक्यावरून फिरत होती तेव्हा तनुजानं मनात म्हटलं, उद्या. मग कॉलेजनं खुर्ची परत दिली. मग अभिनंदन रोज दोनदा फोन करायला लागला आणि फोनवर तिचं बोलणं मध्ये न तोडता ऐकून घ्यायला लागला. प्रत्येक वेळी तिला वाटायचं, एवढं एक होऊ दे.

साक्षी लाल झाली. त्या आठवड्यात अभिनंदन ब्रह्मपुत्रेवरचं काम सोडून परत आला.

"तू का आलास?" तिनं विचारलं.

"तू इथं अशी असताना मी तिथं काय करू?" तो म्हणाला. त्यानं तिचे हात आपल्या हातांत घेतले, अगदी हळू, काचेचे असावेत तसे. वर्षभर कुणी ते हात असे धरले नव्हते.

त्या दिवशी ती बाथरूममध्ये जाऊन नळकांडं बदलणार होती. खरं औषध फ्रीजमध्ये होतं. ती हात धुऊन तशीच बाहेर आली.

तनुजाचे सुजलेले पाय पहिल्यांदा अक्कांनी बघितले. सकाळी बस्तीतून येऊन त्या चहाला बसल्या आणि म्हणाल्या, "तनुजा, पैंजण रुतलंय बघ तुझं. आणि डोळ्याखाली काय हे सुजलंय?"

तनुजाला कळलं. दुखण्याशी याचा संबंध नव्हता. किडनी दुखत नाही. ती मुकाट्यानं बिघडत जाते आणि मग पाणी अंगात साठतं.

मिरजेला डॉक्टर मुजावरांनी लघवीची तपासणी बघितली आणि नंतर पंप काढून हातात घेतला. "औषध एवढं जातंय आणि दाह वाढतोच आहे. असं होत नाही," ते पुटपुटले. त्यांनी नळकांडं आत पाठवून दिलं. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता. त्यांनी अभिनंदनकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"यात मिठाचं पाणी आहे, मॅडम."

अभिनंदन ताडकन उभा राहिला. "कंपनीची चूक आहे ही! मी सोडणार नाही त्यांना—"

"मी भरलं," तनुजा म्हणाली.

अभिनंदन हळूहळू पुन्हा खुर्चीत बसला. डॉक्टर म्हणाले, "किडनीचा काही भाग आता परत येणार नाही. उरलेला वाचवू. पंपाला मी कुलूप घालतोय. उघडला तर मला कळेल." मग त्यांनी अभिनंदनला ते साक्षीत न दिसणारं दुखणं समजावून सांगितलं, आणि ते मान खाली घालून म्हणाले, "त्या दिवशी चिठ्ठी लिहून तुम्हाला घरी पाठवलं. ह्यांना बोलावून घ्यायला हवं होतं मी."

बाहेर पार्किंगमध्ये अभिनंदन गाडीला टेकून उभा राहिला. त्याला रागवायचं होतं, ते त्याला जमत नव्हतं.

"मला सांगायचंस ना."

"सांगितलं होतं. फोनवर."

त्याला आठवलं. तिला त्याच्या चेहऱ्यावर ते आठवताना दिसलं.

"मग मी काय करायला हवं होतं, तनु? मी तिथून बघत होतो. हिरवी होती. मला बरं वाटत होतं गं. इतक्या वर्षांनी मला बरं वाटत होतं." तो तिच्याकडे वळला. "आत्तासुद्धा तू म्हणतेस दुखतंय, तर ते साक्षीचं आहे की ते दुसरं, हे मला कसं कळणार?"

"मलाही कळत नाही," ती म्हणाली. "दोन्ही सारखंच दुखतं."

तिला वाटलं होतं, खरं सांगून टाकल्यावर काहीतरी मोकळं होईल. गाडी सांगलीच्या रस्त्याला लागली तेव्हा ती दोघंही समोर बघत होती. आता ती खोटं करू शकते, हे त्याला ठाऊक झालं होतं. यापुढे तिच्या शब्दाची किंमत आधीपेक्षाही कमी असणार होती, आणि ती तिनंच कमी केली होती.

कुलूपबंद पंपानं आपलं काम केलं. उन्हाळा सुरू होईपर्यंत साक्षी पुन्हा हिरवी झाली. यावेळी पेढे वाटले गेले नाहीत. आसामची जागा दुसऱ्या कुणाला गेली होती. अभिनंदन पुन्हा टेबलावरचं काम करू लागला. तो रोज सकाळी तिला "कसं आहे?" विचारायचा आणि ती सांगायची. मग तो थोडा वेळ तिथंच बसून राहायचा. ऐकलेल्याचं पुढे काय करायचं ते त्याला उमगत नव्हतं, आणि काय करावं ते तिलाही सांगता येत नव्हतं. डॉक्टर मुजावरांनी साक्षी बनवणाऱ्यांना कळवलं होतं. तसलं दुखणं मोजायचं काम चालू आहे, वेळ लागेल, असं उत्तर आलं होतं.

मे महिन्यात सृष्टीच्या खो-खो संघाचं दापोलीला शिबिर होतं. निघायच्या सकाळी ती आईच्या खाटेवर येऊन बसली. बॅग भरून दारात ठेवलेली होती.

"आई, मी ते ॲप काढून टाकलंय."

"कुठलं?"

"साक्षीचं. मला नाही बघायचं ते. तूच सांगायचंस आता. तू म्हणशील ते खरं." तिनं आईच्या हातावर हात ठेवला आणि लगेच उचलला, दुखेल म्हणून. "आज कसं आहे?"

तनुजाला पहाटेपासून कूस बदलता आली नव्हती. खांद्यात कुणीतरी हळूहळू पान्यानं आवळत असावं तसं होत होतं. मुलीचा चेहरा अगदी जवळ होता. वर्षभर तिला हवं होतं तेच समोर बसलं होतं: कुणीतरी विचारत होतं, आणि उत्तराची वाट बघत होतं. अंगणातून मैत्रिणींचा आवाज आला. सृष्टीनं तिकडे बघितलं नाही. आई दुखतंय म्हणाली तर ती जाणार नाही, हे तिच्या बसण्यावरूनच कळत होतं.

"बरंय आज," तनुजा म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. जा, गाडी सुटेल."

सृष्टी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं मान डोलावली, बॅग खांद्याला लावली आणि पळत जिना उतरली. तनुजानं उठून खिडकीपर्यंत जायचं ठरवलं. ती खाटेच्या कडेला बसली तेवढ्यात खाली गाडीचं दार लागलं, आणि मुलींचा गलका कोपऱ्यावरून वळून दिसेनासा झाला.